राजमक्कांच्या माळ्यावरचे प्रस्थान

मित्रांनो, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राजमक्कांचे घर आहे. त्या घराच्या माळ्यावर, तांदळाच्या रिकाम्या डब्यांच्या आड, मी पडून असते. मी एक जुनी रेक्झिनची बॅग आहे. माझा रंग निळा होता, असे आता सांगावे लागते. अंगावर पांढरा पंख छापला आहे आणि त्याखाली ‘नीलपंख’ अशी अक्षरे. एके काळी मी आकाशातून हिंडत असे, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. अलीकडे माझाही बसत नाही.

माझा जन्म मद्रासच्या एका कारखान्यात झाला. ते दिवस मोठ्या धामधुमीचे होते. सरकारने खाजगी कंपन्यांना आकाश मोकळे करून दिले होते आणि जो तो विमाने उडवायला निघाला होता. नीलपंख कंपनीने परदेशातून जुनी विमाने भाड्याने आणली, त्यांना नवा रंग फासला आणि आपल्या माणसांसाठी माझ्यासारख्या बॅगा शिवून घेतल्या. दुहेरी शिवण, पितळी चेन, आत तलम अस्तर. विमानात काम करणाऱ्या मुलींना तेव्हा काय काय मिळे म्हणून सांगू? रेशमी साडी, न्यायला-आणायला मोटार, मुक्कामाला मोठे हॉटेल, वर्षातून एकदा आईवडिलांसाठी फुकट प्रवासाचा पास, आणि मी. मी लावण्याच्या वाट्याला आले.

लावण्या याच गल्लीतली, जुन्या मराठी घरातली मुलगी. वडील नव्हते. घरात ती आणि तिची आई सीतालक्ष्मी. त्रिची ते मद्रास हे तिचे नेहमीचे काम. प्रवाशांच्या डोक्यावरच्या कप्प्यात माझी जागा असे. तिथून मला सगळे दिसे आणि त्याहून जास्त ऐकू येई.

दर आठवड्याला येणारे प्रवासी विमानाकडे जावयाच्या नजरेने पाहतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. एकाची खुर्ची मागे जात नसे, दुसऱ्याची मागे गेली की पुढे येत नसे. जेवणाची फळी चिकटपट्टीने बांधलेली. छतातून गार पाणी बरोबर मानेवर टपके.

“हे लोक विमान पुसतात तरी का?” एकजण म्हणे.

“त्यांना कशाला पडलंय? राहायला पंचतारांकित हॉटेल, आईबापांना फुकट तिकिटं. पैसे मोजून गळक्या छताखाली बसायचं ते आपण,” दुसरा म्हणे.

लावण्या हसून त्यांच्या हाती कागदी रुमाल देई. बडा घर पोकळ वासा, दुसरे काय म्हणायचे? मला शिवायला कंपनीकडे पैसे होते, माझ्या कप्प्याच्या कडीला नव्हते.

त्या कडीने एकदा दगा दिला. विमान धावपट्टीवर टेकताच कप्पा उघडला आणि मी खाली बसलेल्या गुरुमूर्तींच्या खांद्यावर आदळले. हे गृहस्थ तंजावूरचेच. भाताच्या गिरण्यांची यंत्रे विकत आणि त्या कामासाठी दर आठवड्याला मद्रासला जात. लावण्या धावत आली आणि घाबरून घरच्या बोलीत पुटपुटली, “अगबाई, लागलं कीं हो.”

गुरुमूर्ती खांदा चोळायचे थांबले. “तूं आमच्यांतली कीं. कोठची गो?”

“राजवाड्यामागची, मामा.”

त्या दिवसापासून दोघे मराठीत बोलू लागले. विमानात ती भाषा दुसऱ्या कोणाला कळत नसे, त्यामुळे मनातले बोलता येई. लावण्याने त्यांना आईची गोष्ट सांगितली, ती मी त्यांच्याबरोबरच ऐकली. सीतालक्ष्मीची धाकटी बहीण भुवनेश्वरी पुण्याला दिली होती आणि आता ती अंथरुणाला खिळली होती. बहिणींची गाठ पडून खूप वर्षे झाली होती. सीतालक्ष्मीच्या मणक्याचे दुखणे असे, की आगगाडीत दोन रात्री काढणे तिला शक्य नव्हते. विमानाचे विकतचे तिकीट त्या घराच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून तर लावण्याने ही नोकरी धरली होती. मद्रासहून पुढे पुण्याला कंपनीचेच दुसरे विमान जाई. पास होता, पण जागा रिकामी राहिली तरच तो चाले.

“मग लवकर ने गो अम्माला,” गुरुमूर्ती म्हणाले. “तुझ्या कंपनीनें एक विमान मद्रासेंत उभं करून ठेवलंय आणि त्याचे भाग काढून दुसऱ्यांना लावितात. गिरणीचं यंत्र असं कण्हूं लागलं तर मी चालूं देत नाहीं.”

लावण्या घाबरली. तिने पुढच्याच शुक्रवारचा पास काढला आणि मला आईच्या हवाली केले. कंपनीचा पंख पाहून लोक अम्माला आपले माणूस समजतील, असे तिला वाटले.

आता एक रीत सांगितली पाहिजे. निघण्याच्या दिवशी चांगला मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या घटकेला आपले सामान घराबाहेर, शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. सामान निघाले म्हणजे माणूस निघाले. मग ते सामान परत घरात आणायचे नसते, निघताना तिथूनच उचलायचे असते. शुक्रवारी मुहूर्त नव्हता. म्हणून बुधवारी सकाळी सीतालक्ष्मीने माझ्यात बहिणीसाठी घेतलेली तिरुभुवनमची रेशमी साडी, हळदकुंकू आणि ओंजळभर तांदूळ ठेवले आणि मला शेजारच्या राजमक्कांच्या ओसरीवर आणून ठेवले. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

शुक्रवारी मायलेकी मला घेऊन त्रिचीला गेल्या. लावण्याचे काम त्याच विमानावर होते आणि जागाही रिकामी निघाली. सीतालक्ष्मी नऊवारी सावरत शिडी चढली. मला तिने कप्प्यात ठेवू दिले नाही, दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली. खिडकीच्या काचेवर ओरखडे होते. धूळ आहे असे समजून तिने ते पदराने पुसले. पुन्हा पुन्हा पुसले.

विमानाचा पंखा फिरू लागला, थोडा वेळ फिरला आणि थांबला. बराच वेळ कोणी काही सांगेना. शेवटी लावण्यालाच गणवेशात उभे राहून इंग्रजीत जाहीर करावे लागले की यंत्रात बिघाड आहे, आज उड्डाण होणार नाही. सीतालक्ष्मीला इंग्रजी येत नव्हते. ती लेकीच्या बोलण्याकडे कौतुकाने पाहत राहिली.

सगळे उतरू लागले तरी ती बसूनच होती. मागून कोणी तरी म्हणाले, “फुकटातली आहे ना ती. तिला काय घाई?”

गुरुमूर्ती त्याच विमानात होते. त्यांनी वळून त्या माणसाकडे पाहिले, मग खाली मान घालून सीतालक्ष्मीला हात दिला. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. माझ्याजवळ तोंड नव्हते, नाही तर त्याला चार शब्द ऐकवले असते.

तंजावूरला परत आल्यावर सीतालक्ष्मी आपल्या घरी गेली नाही. आधी राजमक्कांच्या दाराशी थांबली आणि मला पुन्हा ओसरीवर ठेवले.

“पुढच्या विमानानें जातें,” ती म्हणाली. “प्रस्थान झालंय कीं. नवा मुहूर्त नको.”

पुढचे विमान निघाले नाही. थोड्याच दिवसांत नीलपंखचे कार्यालय बंद झाले आणि लावण्याचा थकलेला पगारही बुडाला. गल्लीत फोन फक्त राजमक्कांकडे होता. पुण्याहून भुवनेश्वरी गेल्याचा फोन आला तेव्हा राजमक्कांनी मला ओसरीवरून आत आणले होते आणि मी त्याच खोलीत कोपऱ्यात होते. राजमक्कांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि कितीतरी वेळाने त्या शेजारी सांगायला गेल्या.

महिना गेला, मग वर्ष गेले. लावण्या मद्रासला कुठल्याशा दुकानात नोकरीला लागली. सीतालक्ष्मी भाजीला जाताना दारात घुटमळे, पण आत येत नसे. एकदा आली. राजमक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, “आतां घेऊन जाईनास कां घरीं?”

सीतालक्ष्मीने माझ्या चेनवरून बोट फिरवले. “निघालें आहे मी, राजम. मध्येंच परत कशी येऊं?”

त्यानंतर राजमक्कांनी मला माळ्यावर चढवले. त्यांनी मला कधी उघडले नाही. चेनवर हिरवी पुटे चढली आहेत. आतली साडी घडीवर विरली असेल. आता कोणी ओढून उघडले तर मीच फाटेन.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी यंत्रे चालवाल, कोणी कंपन्या काढाल. बॅगा मागाहून शिवा. सैल झालेली कडी आधी आवळा, कण्हणारे यंत्र आधी दुरुस्त करा. आणि शेजारी कोणी फुकट बसला असेल तर त्याला हसू नका, तो कुठे निघाला आहे ते तुम्हाला ठाऊक नसते. माझे म्हणाल तर मला आता कसलीच आशा उरलेली नाही.

गेल्या पोंगलच्या आधी सीतालक्ष्मी गेली. तिला याच दारावरून नेले. माणसे क्षणभर थांबली तेव्हा मला वाटले, आता कोणी तरी आत येईल, कारण निघताना प्रस्थान बरोबर न्यायचे असते. लावण्या रडत होती, राजमक्का उंबऱ्यावर उभ्या होत्या. कोणाच्याच लक्षात आले नाही. ती पुढे गेली आणि तिचे सामान माळ्यावरच राहिले.