उतरलेलं वजन

मी पाच किलोचं वजन बोलतोय. हो, तेच काळं, लोखंडी, वर कडी असलेलं. नाव माझं 'वजन', आणि हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी 'वजन कमी करायचंय!' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरलोच होतो.

ओतशाळेत जन्मलो आणि थेट चोपड्याला, रतिलाल शेठच्या केळीच्या वखारीत आलो. तराजूच्या एका पारड्यात मी आणि माझी भावंडं, दुसऱ्यात केळीचा घड. वजनमापवाले साहेब येऊन अंगावर शिक्का ठोकून जात, तेव्हा छाती फुगायची. काय दिवस होते ते! ओल्या पानांचा वास, ट्रॅक्टरची धडधड, घड वाहणाऱ्या बायांचा गलका. त्यात सगळ्यात मोठा आवाज केसरबाईचा. दुपारी बाजरीची भाकर, ठेचा आणि लोटाभर ताक पोटात गेलं की डोक्यावर घड घेऊन ती चिखलातून झपाझप चालायची. एकदा घडासकट आपटली. उठली, लुगडं झटकलं, चिखलाला चार शिव्या हासडल्या आणि लागली कामाला.

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. आमची रवानगी भंगारात व्हायची, पण केसरबाईनं मला उचललं. "शेठ, हाई मी ली जास." का नेलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. तिलाही ते दिवस सोडवत नसावेत.

पुढे ती जळगावला लेकीकडे, मृणालीकडे राहायला आली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला दाराशी ठेवलं. मृणाली विमा कार्यालयात नोकरीला, वय सेहेचाळीस. रक्तातली साखर काठावर आली, म्हणून डॉक्टर म्हणाले, थोडं वजन उतरवा. हिनं 'थोडं' हा शब्द ऐकलाच नाही. भाकरी बंद, दूध बंद, डाळसुद्धा बंद. सकाळी कोमट पाणी, रात्री काकडी, आणि मोबाइलात मोजून दहा हजार पावलं. पाच महिन्यांत पंधरा किलो गेले, म्हणजे माझ्यासारखे तीन! ऑफिसात कौतुक झालं. केसरबाई मात्र लेकीचं ताट पाहून कुढायची.

एका सकाळी फिरायला निघताना मृणालीचा पाय नेमका मलाच अडखळला. ती हातावर पडली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तपासणीत हाडं विरळ झालेली निघाली. हाडांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचं वय हे असं, त्यात उपाशी राहून झपाट्यानं उतरवलंत. चरबीबरोबर स्नायू गेले, हाडंही झिजली. चालणं चांगलंच, पण हाडांना नीट खायला लागतं, आणि पेलायला भारही लागतो."

घरी आल्यावर मृणालीचा मुलगा प्रशील मला भंगारात द्यायला निघाला. केसरबाई आडवी आली. "त्याना काय गुन्हा? ऱ्हाऊ दे!" मग लेकीजवळ बसून म्हणाली, "बाई, घड तोलतस तवय दांडासकट तोलतस. काटा एकच आकडा सांगस. तुना पंधरा किलोमा गर कितला गया नि दांडा कितला, कोनी दखं?"

दांडा म्हणजे आपली हाडं, हे मृणाली समजली. मग रडली. त्या दिवशी तिनं आईच्या हातची भाकरी खाल्ली, वर ताकही प्यायली.

प्लास्टर निघालं. आधी नुसती मूठ मिटणं-उघडणं, मग पाण्याची छोटी बाटली. अंगावर दोनेक किलो परत आले, तरी तिनं त्याचा बाऊ केला नाही. पुष्कळ महिन्यांनी डॉक्टरबाईंनी परवानगी दिली, तेव्हा माझी पाळी आली. पहिल्या दिवशी मी जमिनीवरून बोटभरच उठलो. तिच्या तळव्याला घाम सुटला होता, आणि मला मात्र वखारीतला केसरबाईचा तो जुना हात आठवत होता.

आता माझा शिक्का पुसलाय, गंजाचे पोपडे निघतात. फार दिवस राहीन असं नाही. म्हणून एकच विनवणी करतो, वजन खुशाल उतरवा, पण हाडांना उपाशी ठेवू नका. जेवा, आणि झेपेल तेवढं सावकाश उचला.

काल मृणालीनं मला दोन्ही हातांनी छातीपर्यंत दहा वेळा उचललं. केसरबाई पलंगावर बसून मोजत होती. पाच महिने 'कमी, कमी' करणाऱ्या लेकीनं मला हळूच खाली ठेवलं, घाम पुसला आणि विचारलं, "माय, याच्याहून जड काही आहे का गं घरात?"

केसरबाईनं पदर खोचला आणि उठून दोन्ही हात पसरले. "शे ना! माले उचलीसन दखाड."