कोथिंबिरीनं मोडलेली गाडी

मोहदरीचा घाट उतरून गाडीनं सपाटीला जरा कुठं वेग धरला, तोच बुडाखाली खाडकन आवाज झाला आणि लोखंडाचं काहीतरी डांबरावर घासत गेलं. गोरक्षनं ॲक्सिलेटर दाबला. इंजिन बोंबललं, पण चाकं काही हलेनात. नव्या कोऱ्या पिकपची ही तिसरी वेळ.

मागं जुड्यांवर ओलं गोणपाट टाकून बसलेले सावळीरामतात्या खाली उतरले. चैताचं ऊन, दुपारचे अडीच. तात्यांची हजार जुडी कोथिंबीर, माझी दोनशे जुडी मेथी, आणि चारला पंचवटीच्या मार्केटात लिलाव.

"गोरक्षा, पुन्यांदा?"

"तात्या, आता मी काय करू?"

"तू काय करू? आरं मी काय करू ते सांग! जुड्या डोक्यावर घिऊन पंचवटी गाठू? का हितंच रस्त्यावर कोशिंबीर करून वाटू?"

"मी मोडली का ती?"

"मंग म्या मोडली? म्या तर मागं गप बसलो व्हतो!"

दोघांच्या मधी मी. एकाचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून, दुसऱ्याचं रान माझ्या बांधाला बांध लावून. कुणाची बाजू घ्यावी? मी आपला रस्त्यावरच्या टेम्पोंना हात करत राहिलो. तासाभरानं एक थांबला. आम्ही मार्केटात पोचलो तेव्हा लिलाव उरकत आला होता आणि कोथिंबिरीनं मान टाकली होती. व्यापाऱ्यानं एक जुडी उचलली, खाली ठेवली आणि तात्यांना म्हणाला, "बाबा, हिला औषधपाणी करा."

त्या दिवसापासून तात्यांनी माल दुसऱ्याच्या टेम्पोत भरायला सुरुवात केली. तात्या गेले तसे बाकीचेही गेले. गावात मेंढरं आणि माणसं एकाच वाटेनं जातात.

आता गोरक्ष काही शिकाऊ गडी नव्हे. सोळा वर्षं त्यानं सिन्नर-अकोले लायनीवर काळीपिवळी जीप चालवली. आत चौदा, टपावर चार, मागं लटकलेले वेगळे. त्या जीपचा दरवाजा सुतळीनं बांधलेला असायचा, पण ती कधी वाटेत बसली नाही. ही नवी पिकप लय शहाणी. पट्टा लावला नाही तर टुंगटुंग करणार, दार उघडं राहिलं तर टुंगटुंग करणार. बोलायची सगळं, फक्त चालायची नाही.

मोडायचं ते दर वेळी एकच. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडं नेणारा लांब शाफ्ट असतो ना, त्याच्या सांध्यातला क्रॉस. महिना-दीड महिना झाला की तुटायचा.

पहिल्यांदा तुटला तेव्हा गोरक्ष गाडी ओढत नाशिकच्या शोरूमला घेऊन गेला. काचेचा दरवाजा, आत थंडगार हवा, कॉफीचं मशीन. गाडीला ऊन, माणसाला कॉफी, अशी तिथली रीत. सर्व्हिसचे मोठे साहेब शेखर म्हणून. टाय लावलेला, बोलणं साखरेच्या पाकातलं.

"सर, हे ओव्हरलोडनं होतं."

"साहेब, कोथिंबीर व्हती."

"किती टन?"

"टनात नसती मोजत कोथिंबीर. जुडीत असती."

साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, ओव्हरलोड.

दुसऱ्यांदा तुटला तेव्हा ते म्हणाले, चढावर तुम्ही हाफ क्लचवर गाडी खेचता. गोरक्ष म्हणाला, साहेब, दोन्ही बारीला सपाटीवर मोडली. तर त्यांनी त्याला ड्रायव्हिंग शिकायला बसवला! मिसरूड फुटलेल्या एका पोरसवदा मास्तरानं सोळा वर्षं जीप हाकलेल्या ड्रायव्हरला समजावून सांगितलं की डावीकडचा तो क्लच. शेवटी फोटोसकट सर्टिफिकेट दिलं. ते सर्टिफिकेट गोरक्षनं घरी आणून ट्रंकेत कपड्यांच्या खाली घातलं. आजवर कुणाला दाखवलं नाही. मला माहीत आहे ते ललितावहिनींनी सांगितलं म्हणून.

इकडं गाव तरी काय कमी? शोरूमला दोन कारणं सापडली, गावाला बावीस. कुणी म्हणालं, गाडी दिवाळीच्या पाडव्याला घेतली खरी पण दारात आली राहुकाळात. कुणी म्हणालं, दक्षिणेकडं तोंड करून लावतो. लिंबू-मिरची झाली, काळी बाहुली झाली, फाटकी चप्पल झाली. गाडीच्या तोंडावर इतकं लटकलं की नंबर दिसेना, आणि सिन्नरच्या नाक्यावर त्याबद्दलच पोलिसांनी पावती फाडली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पण सगळ्यात वाईट म्हणजे गोरक्षलाच आपल्या पायाचा भरवसा वाटेनासा झाला. क्लच दाबताना पायाकडं बघायचा. एक दिवस मला म्हणाला, "सिन्नरच्या एमआयडीसीत वॉचमनची जागा हाय म्हणं. गेटावर बसायचं. काय मोडायची भीती नाय."

हे ललितावहिनींच्या कानावर गेलं.

ललितावहिनी म्हणजे गोरक्षची बायको. सासऱ्याच्या मागं गावातली पिठाची गिरणी त्याच चालवतात, अकरा वर्षं झाली. पट्टा घसरला, बेरिंग गेलं, दगडाला टाके घालायचे, कशालाही बाहेरचा माणूस बोलवत नाहीत. डोक्याला फडकं, भुवयांवर पीठ, आणि कान असा की गिरणी चालू असताना पलीकडच्या गल्लीत चाललेलं भांडण ऐकू येतं.

तिसऱ्यांदा गाडी शोरूमला होती तेव्हा त्या म्हणाल्या, "आवो, उंद्या मीबी येते."

"तू येऊन काय करणार?"

"तुमी इतक्या बारी जाऊन काय केलं?"

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. सोबत म्हणून मला घेतलं.

शोरूममधे गेलो तर नवा क्रॉस बसवून झालेला. शेखरसाहेबांनी एक कागद पुढं केला. जादा वजन भरल्याचं गाडीमालकाला मान्य आहे, यापुढं हा बिघाड वॉरंटीत धरला जाणार नाही, असं काहीबाही त्यावर छापलेलं. सही केली की गाडी गेटाबाहेर.

गोरक्षनं पेन उचललंसुद्धा. माणूस थकला की कशावरही सही करतो.

वहिनींनी कागदावर तळहात ठेवला. "आधी गाडी चालवून पाहू. मंग सही."

साहेब हसले. गिऱ्हाइकाचा हट्ट म्हणून रवी नावाच्या मेकॅनिकला सोबत दिलं. गोरक्ष चालवायला, रवी शेजारी, मी आणि वहिनी मागं मोकळ्या हौद्यात. वहिनींनी डबा उघडला, झाकणात मूठभर शेंगदाणे घेतले आणि झाकण पत्र्यावर ठेवलं. मला वाटलं, खायला. मी हात पुढं केला.

"भाऊजी, हात लावू नका. बघा नुसतं."

तीसच्या वेगाला शेंगदाणे गप. पन्नासला थरथरायला लागले. सत्तरला तर तमाशातल्यासारखे नाचायला लागले आणि चार-सहा बाहेर पडले. पत्र्यावर तळवा टेकवून वहिनी ओरडल्या, "गेर बदला!" बदलला. नाच तोच. "आता न्यूटल करून सोडा गाडी!" सोडली. इंजिन गप झालं, शेंगदाणे चालूच.

गाडी कडेला घेतली.

"रवीभाऊ," वहिनी म्हणाल्या, "गाडी रिकामी हाय, म्हंजी वजनाचं नाय. रस्ता सपाट, म्हंजी चढाचं नाय. न्यूटलमधीबी तेच, म्हंजी इंजिन नाय आन आमच्या मालकाचा क्लचवरचा पायबी नाय. मंग राहिलं काय?"

"टायर," रवी म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "पण ते मी सकाळीच तपासलेत, ताई."

"मंग फिरतंय ते अजून काय हाय खाली?"

रवी मान खाली घालून गाडीत बसला.

परत आल्यावर गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. शेजारच्या खड्ड्यावर अशीच एक नवी पिकप उभी होती, हार घालून, मालकाची वाट बघत. वहिनी पदर खोचून खाली उतरल्या. आधी त्या गाडीखाली गेल्या, मग आपल्या. पुन्हा त्या. पुन्हा आपल्या.

"हिकडं या. त्या गाडीच्या शाफ्टाला पुढचा कान आन मागचा कान एका वळीत हायेत. आमच्या शाफ्टाचा मागचा कान तिरपा का?"

शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात एक दात्यांवर बसवलेला. त्याच्या दोन टोकांना क्रॉस धरणारे कान. ते एका रेषेत पाहिजेत; नाहीतर शाफ्ट हिसके देत फिरतो आणि क्रॉस खातो. आमचा शाफ्ट चांगले पाच-सहा दाते फिरवून बसवलेला.

रवीनं घाम पुसला. "ताई, मी खूण करूनच काढला होता. ही बघा पिवळी रेघ. जसा होता तसाच बसवला. तिन्ही वेळेला. तसा नियमच आहे आमचा."

"जसा व्हता तसाच?"

"अगदी तसाच."

"म्हंजी कारखान्यातून वाकडं आलं, ते तुमी तीन बारी मापात वाकडं बसवलं!"

वहिनींनी रॉकेलचा बोळा मागून शाफ्ट पुसला. ग्रीस आणि धुळीखालून कारखान्यानंच कोरलेले दोन बाण वर आले. एकमेकांसमोर पाहिजेत ते, तर भांडलेल्या जावांसारखे एक इकडं बघतोय, एक तिकडं.

तेवढ्यात शेखरसाहेब आले. सोबत पुण्याहून आलेले कंपनीचे इंजिनिअर, हातात लॅपटॉप. त्यांनी गाडीत वायर खोचली, पडदा बघितला आणि म्हणाले, "गाडीत फॉल्ट नाहीये."

"साहेब," वहिनी खड्ड्यातून म्हणाल्या, "तुमचा लॅपटॉप वर लागलाय. मोडतंय ते खाली हाय."

"मॅडम, असं उघडून फिरवता येत नाही. रिपोर्ट जाईल, परवानगी येईल. पंधरा दिवस लागतील."

इतका वेळ भिंतीला टेकलेला गोरक्ष तेव्हा पुढं आला. कागद घेतला, पेन घेतलं. मला वाटलं, करतो आता सही.

"साहेब, मी सही करतो," तो म्हणाला. आवाज शांत होता. "फक्त वरती एक वळ वाढवा. बाण समोरासमोर करून बघा म्हणून गाडीवाल्यानं सांगितलं, ते आमी केलं नाय. खाली तुमची सही, शेजारी मव्ही."

तोवर कॉफी पीत बसलेली पाच-सात गिऱ्हाइकं कप हातात घेऊन खड्ड्याभोवती जमली होती. फुकटचा खेळ कोण सोडतो? त्यातला एक निफाडकडचा म्हणाला, "साहेब, पाच मिन्टाचं काम दिसतंय. मव्ह्या गाडीचाबी बाण बघा की मंग."

शेखरसाहेबांनी पुण्याच्या साहेबांकडं बघितलं. पुण्याच्या साहेबांनी लॅपटॉपकडं बघितलं. लॅपटॉप काही बोलला नाही.

"रवी, कर," शेखर म्हणाले.

पाच नाही, वीस मिनिटं लागली. पुन्हा हायवे, पुन्हा झाकणात शेंगदाणे. तीस, पन्नास, सत्तर. एक दाणा जागचा हलला नाही. गोरक्षनं गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला. वहिनी हौद्यातून उतरून खिडकीशी आल्या, तसा बारक्या आवाजात म्हणाला, "मव्हा पाय नव्हता गं."

"तुमचा पाय कधीच नव्हता," वहिनी म्हणाल्या. "खा शेंगदाणे."

शोरूमच्या कागदावर शेवटी काय लिहिलं, तर "ग्राहकास योग्य वापराबाबत मार्गदर्शन केले. ग्राहक समाधानी." तिसऱ्या दिवशी एका पोरीचा फोन आला, सर, दहापैकी किती मार्क द्याल? गोरक्ष म्हणाला, दोन. पोरगी म्हणाली, सर, दहाला एक जरी कमी आला तर मला बोलणी बसतात. गोरक्षला पोरीची दया आली. म्हणाला, लिहा बाई दहा. अशी कंपनीला पैकीच्या पैकी मार्कं पडली.

पण गाडी त्यानंतर मोडली नाही. तात्या सगळ्यात शेवटी परत आले. "म्या पहिल्यापास्नं म्हणत व्हतो, गाडी चांगली हाय," असं म्हणत जुड्या भरायला लागले.

श्रावणात एके सकाळी शेखरसाहेबांचा वहिनींना फोन आला. त्या निफाडकरानं गावोगाव सांगितलं होतं. आता गिऱ्हाइकं म्हणत होती, गिरणीवाल्या बाईनं हात लावून बघितल्याबिगर आम्ही सही करणार नाही. मॅडम, एक दिवस शोरूमला याल का? गाडी पाठवतो.

"गिरणी बंद ठिऊन नाय जमायचं," वहिनी म्हणाल्या. "तुमीच या हिकडं."

आणि खरंच आले. गिरणीपुढच्या चिखलात तीन नव्या पिकप रांगेत उभ्या. रवी, तिन्ही गाड्यांचे मालक, आणि टाय सावरत, बूट वाचवत शेखरसाहेब. सणाचे दिवस, दळणाला ही गर्दी. साहेब डब्यांच्या रांगेतून पुढं सरकायला लागले.

"मॅडम, आमचं जरा आधी..."

"नंबरानं," वहिनी गिरणीच्या आवाजावरून ओरडल्या.

साहेब मागं फिरले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. पुढं कुसाबाई होती, ऐंशीची म्हातारी, डोक्यावर डबा. तिनं मान वळवून साहेबांना खालीवर बघितलं.

"तुमचं काय, गहू का बाजरी?"

"शाफ्ट," साहेब म्हणाले.

"आसू द्या," कुसाबाई म्हणाली. "पन नंबर माझ्या मागं."