नुकसान दाखवा

फोटो स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. विमेसर तिथून जाताना चाल जरा मंद करतात. गुडघ्याचं निमित्त आयतं असतंच. माडीवरची खिडकी अजून तीच आहे. त्या खिडकीमागे, धंदा गुंडाळून गेलेल्या फोटोग्राफरने मागे ठेवलेला एक रंगवलेला पडदा लटकत असायचा. त्यावर निळं तळं, दोन हंस आणि मागे कुणीही कधी न पाहिलेला डोंगर. त्या तळ्याकाठी खुर्ची मांडून सर वस्तीतल्या पोरांना कॉलेजच्या मुलाखतीसाठी तयार करायचे. फुकट. "फुकटच्या गोष्टीला किंमत नसते," असं सरांच्या बायकोचं ठाम मत होतं, आणि ते ती पोरांसाठी थर्मासात जास्तीचा चहा भरता भरता ऐकवायची.

सर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी विमा कंपनीत झाली, तीही क्लेमच्या टेबलावर. कुणाचं गोदाम जळलं, कुणाची गाडी झाडाला भेटली, की तो माणूस सरांपुढे येऊन बसायचा आणि सर शांतपणे म्हणायचे, "नुकसान दाखवा." त्यामुळे दूरच्या एका मोठ्या कॉलेजात 'बिकट परिस्थितीशी झुंजणाऱ्या गुणी विद्यार्थ्यांसाठी' वसतिगृहासकट काही जागा आहेत, असं कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. हा तर साधा क्लेम होता.

"घरात खोल्या किती?"

"एकच, सर."

"छान. माणसं?"

"सात."

"फारच छान. नळ?"

"बाहेर. तोही एक दिवसाआड."

"वा!" म्हणून सर मांडीवर थाप मारायचे. पोरांनाही हळूहळू चटक लागली. ज्याचं छप्पर गळत नव्हतं तो बिचारा ओशाळून मागे बसायचा.

अडचण फक्त रेडिओची होती. ही सलूनवाल्या अण्णांची मुलगी. बारावीला शाळेत पहिली येईल अशी, आणि तोंड चालू झालं की बंद करायचं बटण सापडत नाही म्हणून रेडिओ. जागा मिळाली नाही तर तिची आत्या तिला पॅकिंगच्या कारखान्यात आपल्या शेजारी उभी करणार होती. तसं ठरूनच गेलं होतं. म्हणजे गरज होती, हुशारी होती. नुकसान तेवढं सापडत नव्हतं.

"आई काय करते?"

"दवाखान्यात आया आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला विचारल्याशिवाय चहा पण घेत नाहीत."

सरांची निराशा झाली. "बरं, अभ्यास कुठे करतेस?"

"अण्णांच्या दुकानात. मागच्या बाकावर."

"तिथे गोंगाट असेल."

"भयंकर! काल दोन गिऱ्हाइकांचं भांडण—"

"थांब. गोंगाटामुळे अभ्यासात व्यत्यय येतो. म्हण."

"नाही येत, सर. उलट मजा—"

"मजेला जागा देत नाहीत, बाळ."

रेडिओने पडद्यावरच्या हंसांकडे बघितलं. मग म्हणाली. आणि मुळात हुशार असल्यामुळे फार सुरेख म्हणाली.

सरांची एक पद्धत होती. खऱ्या मुलाखतीच्या आधी ते पालकांना बोलावून त्यांच्यासमोर रंगीत तालीम घ्यायचे. चार माणसांपुढे बोललं की पोरांची भीड चेपते. त्या वर्षी आयाबाप सतरंजीवर दाटीवाटीने बसले आणि पोरं एकेक करून हंसांपुढे येऊन आपापलं घर सांगू लागली. अंधार, ओल, उपासमार, हुंदका गिळायला एक छोटा थांबा. एक हमाल बाप डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाला, "आपलं एवढं वाईट चाललंय हे मला माहीतच नव्हतं हो."

शेवटी रेडिओ आली. वडिलांच्या दुकानातला कर्कश गोंगाट, कात्र्यांची कटकट, फालतू गप्पा, या सगळ्यात मी कशीबशी पुस्तकात डोकं घालून बसते, असं ती म्हणाली. टाळ्या पडल्या. एरवी तेराव्याला गेले तरी माणसं हसवून येतील असे अण्णा उठले, सरांना नमस्कार केला आणि काही न बोलता जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दाढीला म्हणून दुकानात गेले आणि दारातच थबकले. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, बाकावर तिघे होते, आणि आवाज कसलाच नव्हता. आरशावर खडूने लिहिलं होतं: 'शांतता राखा.' बाकावरच्या जाड्या टॅक्सीवाल्याने सरांना बघून हळूच कुजबुज केली, "आत या. पण बोलू नका. पोरीचं नुकसान होतंय."

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली ना काल. सगळ्या वस्तीसमोर."

मागच्या बाकावर रेडिओ पुस्तक उघडून बसली होती. पान उलटत नव्हतं. ती उठून सरांजवळ आली.

"मी नाही जात उद्या मुलाखतीला."

"अगं, का?"

"अण्णा कालपासून एक शब्द बोललेले नाहीत. कात्रीसुद्धा आवाज न करता चालवतात. आता झालं बघा सर, खरोखरचं नुकसान. दाखवू कुणाला?"

सरांनी आयुष्यात हजारो क्लेम नाकारले होते, पण त्यांनी स्वतः लावलेल्या आगीचा हा पहिलाच. खुर्चीतलं गिऱ्हाईक उठल्यावर ते तिथे बसले. अण्णांनी गळ्याशी टॉवेल खोचला, फेस लावला. ब्रशचा तेवढा आवाज. सरांना काय करावं सुचेना. म्हणून जे त्यांना जन्मात कधी जमलं नव्हतं ते त्यांनी केलं. विनोद सांगितला.

"एक इसम विमा कार्यालयात आला. सोमवार होता. शाखा मुख्य. तो म्हणाला, माझ्या दुकानाला आग लागली असून भरपाई मिळावी. अधिकाऱ्याने घटनेची तारीख विचारली असता, ती पुढच्या बुधवारची निघाली."

कुणी हसलं नाही. टॅक्सीवाल्याने सहानुभूतीने मान हलवली. अण्णांचा वस्तरा हवेत थांबला. कलावंताला दुसऱ्याने केलेली कलेची नासाडी बघवत नाही.

"सर," अण्णा म्हणाले, "हा विनोद होता की पंचनामा?"

"विनोद होता."

"असा सांगतात? अहो, तो माणूस रडत रडत आला पाहिजे! 'साहेब, बुडालो हो, दुकान जळालं!' साहेब कळवळला. पाणी दिलं. 'कधी जळालं?' तर डोळे पुसून म्हणतो, 'बुधवारी जळेल.'"

टॅक्सीवाला फिसकन हसला आणि चटकन तोंडावर हात ठेवला.

"तसं नाही, अण्णा," मागच्या बाकावरून आवाज आला. रेडिओ सुरू झाली होती. "साहेब म्हणतो, 'बुधवारी आमची सुट्टी असते.' हा म्हणतो, 'मग गुरुवारी जाळू का? आपल्या सोयीने.'"

दुकान फुटलं. बाकावरचे तिघे एकमेकांवर कोसळले. अण्णांनी वस्तरा ठेवला, फेसाच्याच हाताने डोळे पुसले, आणि हसण्याच्या भरात सरांची एक बाजू तशीच राहिली. टॅक्सीवाल्याने बाहीने आरसा पुसून काढला.

"उद्या हे दुकान सांग," सर म्हणाले.

"काय सांगू यातलं?"

"जे दिसेल ते. मी काही शिकवणार नाही." हे वाक्य उच्चारणं सरांना बरंच जड गेलं.

मुलाखत शहरातल्याच एका लांबलचक इमारतीत होती. बाहेरच्या बाकावर एका टोकाला अण्णा, इस्त्रीच्या शर्टात, दुसऱ्या टोकाला सर. दार बंद. आत बराच वेळ एकटी रेडिओ बोलत होती; शब्द कळत नव्हते, नुसती लय. मग एकदम हशा झाला. मोठ्या, शिकलेल्या माणसांचा, आधी आवरलेला आणि मग न आवरलेला.

"कुठला सांगितला असेल हो?" अण्णा घाबरून पुटपुटले. "त्यातले दोन-तीन फारच वाईट आहेत."

दार उघडलं. रेडिओ बाहेर आली, लाल झालेली.

"काय विचारलं शेवटी?" सरांनी विचारलं.

"विचारलं, एवढं दुकान सोडून इतक्या लांब राहायला जमेल का."

"मग?"

"म्हटलं, माहीत नाही."

सरांनी कपाळावर हात मारला. याच उत्तरावर जागा नक्की झाली, हे त्यांना नंतर तिथल्या एका बाईंकडून कळलं. पण त्या दुपारी अण्णांना काही ठाऊक नव्हतं. "जमेल म्हणायचं होतंस गं," ते घरापर्यंत सारखं तेच म्हणत राहिले. "जमेल म्हणायचं. त्यात काय एवढं? सगळ्यांना जमतं." रेडिओ दोन पावलं पुढे चालत होती. वळणावर अण्णा मागे रेंगाळले, सरांची बाही धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही पोरांना शिकवता. बापांचा वर्ग घेता का हो?"

सरांना विनोद वाटला. ते हसले. मग अण्णा हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि दोघे तसेच, बाही धरलेली, पोरीच्या मागे चालत राहिले.