पप्पांच्या हातची चढण

प्रीतमचं ऑफिस ठाण्यात, माजिवड्याला. तो ट्रेकिंगच्या सॅक बनवतो, फक्त जाड सुती कापडाच्या. प्लास्टिकचं नाव काढलेलं त्याला चालत नाही. बक्कल पितळेचं, लेबलसुद्धा सुतळीने बांधलेलं. ब्रँडचं नाव 'चढण'. लोगोपासून पिशवीपर्यंत सगळं रूप ठरवायचं काम माझ्याकडे होतं आणि तीन महिने त्या माणसाने माझं डोकं खाल्लं.

आधी त्याला डोंगर हवा होता. मग डोंगरावर पान. मग पानामागे सूर्य. बायकोला सूर्य आवडला नाही म्हणून पाऊल. सतरा नमुने झाल्यावर मी वैतागून म्हटलं, चित्रच नको, नुसती तीन अक्षरं ठेवू, ब्रशने रंगवलेली. हे मात्र त्याला एका मिनिटात पटलं. त्याला कधी काय पटेल याचा नेम नाही.

रंगवणार कोण, हे मी मनात ठरवलेलंच होतं. माझे वडील, मारुती पेंटर. शहाडपासून कल्याणपर्यंत दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या असायच्या. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत काम बंद पडलं. गेली चौदा वर्षं ते एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत, ब्रशला हात लावत नाहीत. विचारलं तर म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये सगळं असतं ना, मला कशाला मध्ये घेतेस. मी हट्टच धरला. शाळेच्या वह्यांवर ते माझं नाव घालून द्यायचे, ते बघत मी या धंद्यात आले. एकदा तरी त्यांची अक्षरं पुन्हा रस्त्यावर, लोकांसमोर लागावीत, एवढंच मला हवं होतं.

आठ दिवस ते जुन्या वर्तमानपत्रांवर 'ढ' घोटत बसले. शेवटी जमला. पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्या माणसासारखा किंचित पुढे झुकलेला. प्रीतम बघतच राहिला. नवरात्रात टेंभी नाक्यावर कापडी फलक लावू आणि तोही यांनीच रंगवायचा, असं त्यानेच ठरवलं. पप्पांनी गच्चीवर मांजरपाट पसरून दोन दिवसांत फलक करून दिला. नंतर आठवडाभर गेटमधून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते टेंभी नाक्याला जाऊन यायला सांगत होते.

घटस्थापनेच्या सकाळी मी प्रीतमचं स्टेटस बघितलं. भलामोठा फ्लेक्स. मधोमध तो स्वतः, हात जोडून. शेजारी त्याचे काका, भोवती अकरा गोल फोटो, वर नवरात्रोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. आणि तळाला कोपऱ्यात 'चढण', फ्लेक्सवाल्याकडच्या तयार अक्षरांत, हिरव्या पानासकट.

मी फोन लावला. त्याला माझा राग कळेचना. काका म्हणाले होते, कापडावर फोटो कसे येणार, आणि जागा काकांच्या ओळखीने मिळालेली. मी प्लास्टिकची आठवण करून दिली.

"अगं, तो शुभेच्छांचा आहे, ब्रँडचा थोडीच आहे," तो म्हणाला. "शुभेच्छा तर फ्लेक्सवरच देतात ना."

पप्पांचा फलक त्याने गाडीच्या डिकीत ठेवलेला, नीट घडी करून. तेही त्याने कौतुकाने सांगितलं. मी फोन कापला.

लगेच पप्पांचा फोन आला. सुट्टी टाकून, सोसायटीतल्या सखारामकाकांना सोबत घेऊन ते टेंभी नाक्यावर पोचलेले.

"अगं अक्षदा, कुठल्या बाजूला लावलाय? आम्ही दोन फेऱ्या मारल्या."

तिथेच थांबा, मी येते, एवढंच मला सुचलं. पण तोवर त्यांना दिसलं होतं. खाली कोपऱ्यात चढण लिहिलंय, पण हे माझं नाही, असं ते म्हणाले. मग मी सुटले. प्रीतमला, त्याच्या काकांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. काम सोडते म्हटलं.

त्यांनी मला मध्येच थांबवलं. "तुला आधी सांगितलेलं का त्याने?"

"नाही."

"मलाही तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं," पप्पा म्हणाले. "रोजच्यासारखा रंगाचे डबे घेऊन गेलेलो. बघतो तर दुकानावर फ्लेक्स लागलेला."