उधाणात अडलेली होडी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. ठाकुर्लीतल्या एका टायपिंगच्या दुकानात, टेबलाखाली, भिंतीला टेकवून मला ठेवलं आहे. माझा पांढरा डबा आता पिवळा पडलाय आणि माझ्यावर कोऱ्या कागदांचे गठ्ठे रचलेले असतात. मला पाहून तुम्ही म्हणाल, याच्याकडे काय असणार सांगण्यासारखं? पण एकेकाळी माझ्या पोटात एक अख्खी खाडी होती.

माझा जन्म १९९५ सालचा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या बादल्या बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या वरच्या खोलीत माझे सुटे भाग जोडले गेले. खालची यंत्रं सुरू झाली की माझा पडदा थरथरायचा. ती खोली सुधीर यांची. ते डोंबिवलीचे. बँकेतली चांगली नोकरी सोडून त्यांनी व्हिडिओ गेम बनवायचा स्टुडिओ काढला होता. घरचे लोक रागावले, मित्र हसले. पण त्यांचं म्हणणं एकच असायचं, "आपली मुलं सगळे खेळ परक्या देशांतले खेळतात. एकदा तरी आपल्या गावातला खेळू देत की!"

त्यांच्यासोबत दोघीजणी होत्या. सरोज प्रोग्राम लिहायची. ती फार कमी बोलायची, पण काम जमलं की माझ्या डब्यावर हलकेच थाप मारायची. दुसरी मंजुळा, बाळकुमच्या कोळीवाड्यातली. आधी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची, इथे ती चित्रं काढायला आली. माऊस हातात धरायला तिला सुरुवातीला भीतीच वाटली. "सरोजताई, हा उंदीर माझं ऐकतच नाही गं!" असं म्हणून ती वैतागायची. पण पुढे त्याच उंदराने तिने माझ्या पडद्यावर पाणी काढलं. सकाळचं राखाडी, दुपारचं हिरवट, संध्याकाळचं तांबूस.

खेळाचं नाव 'खाडी'. एक छोटी होडी घेऊन निघायचं, जाळं टाकायचं, मासे धरायचे, खडक चुकवायचे. शेवटी उधाणाची भरती यायची. त्या चढत्या पाण्यातून होडी सुखरूप घरी आणली की खेळ जिंकला.

एकदा मंजुळा तिच्या वडिलांना, परशुराम यांना, खोलीवर घेऊन आली. खाडीचं पाणी कारखान्यांनी काळं झालं होतं. मासळी मिळेनाशी झाली होती आणि त्यांनी आपली होडी काठावर पालथी घालून ठेवली होती. ते चप्पल बाहेर काढून आत आले आणि खुर्ची दिली तरी उभेच राहिले. पडद्यावर होडी दिसली तसे ते पुढे वाकले.

"ही तर माजीच होरी हाय गो!" ते म्हणाले.

"तुमचीच आहे, बाबा. निळी पट्टी दिसली ना?"

मग हळूच त्यांनी विचारलं, "हिच्या खाडीत मासली हाय ना?"

"आहे बाबा, खूप आहे," मंजुळा म्हणाली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही जड जातं. उधाणाचं पाणी खरंखुरं दिसावं म्हणून सरोजला जास्त मेमरी हवी होती. ती माझ्यात बसवली गेली. पाणी सुरेख चढू लागलं. "आपला हा गडी जोरदार आहे!" असं सुधीर सगळ्यांना सांगायचे. मी कौतुकाने फुगून जायचो. पण माझ्याइतकी मेमरी लोकांच्या घरातल्या कॉम्प्युटरांत नव्हती. लहान यंत्रावर खेळ चालवून बघायचा असं सरोजने ठरवलं होतं. "मला अजून थोडा वेळ द्या, सर," ती म्हणत होती. पण माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला दिवाळीच्या आत सीडी दुकानांत हव्या होत्या. नाहीतर तो घेणारच नव्हता. सुधीर यांनी हो म्हटलं. उधाणाला माझी किती मेमरी लागते ते मला ठाऊक होतं. पण मला तोंड नव्हतं. पडद्यावर जे कोणी लिहील तेवढंच मी दाखवू शकत होतो.

१९९७ च्या दिवाळीत ठाण्याच्या एका सभागृहात 'खाडी'चं उद्घाटन झालं. मला मंचावर ठेवलं होतं, झेंडूची माळ घालून. खाली टेबलांवर एका क्लासमधून आणलेले कॉम्प्युटर मांडले होते आणि प्रत्येकापुढे मुलांची झुंबड होती. एका खुर्चीवर परशुराम बसले होते, नवा सदरा घालून. शेजारच्या मुलीने त्यांना बटणं दाखवून दिली होती.

सुरुवात छान झाली. मुलं ओरडत होती, मासे धरत होती. मग उधाण आलं. आधी एका टेबलावरची होडी थांबली. मग पलीकडची. मग एकामागून एक सगळ्याच. पाणी अर्धं चढलेलं आणि होडी जागच्या जागी. बटणं दाबून काही होईना. कुणीतरी मोठ्याने हसलं आणि मग सगळं सभागृह हसू लागलं. "अरे, हा तर हँग झाला! चल यार, बोअर आहे!"

मंचावर माझ्या पडद्यावर मात्र पाणी झरझर चढत होतं. माझी होडी किनाऱ्याला लागली, विजयाचं संगीतही वाजलं. त्या क्षणी आपण बंद पडावं असं मला वाटलं. पण तेही माझ्या हातात नव्हतं.

परशुराम यांनी मागे उभ्या असलेल्या मंजुळाकडे वळून विचारलं, "मंजे, माजी होरी का अरली गो?"

मंजुळा त्यांच्या खुर्चीजवळ आली. तिने फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढे दुकानांतून सीडी परत येऊ लागल्या. ठाण्याहून, डोंबिवलीहून, कल्याणहून. खोक्यांनी खोली भरली. सरोज कुणालाही दोष न देता माझ्यापुढे बसली आणि खेळ लहान यंत्रांवर चालेल असा तिने करून दाखवला. शेवटची चाचणी माझी जादा मेमरी काढून, मला साध्या कॉम्प्युटरइतकं करून झाली. होडी उधाणातून पार गेली. मंजुळा रडायलाच लागली. सुधीर तसेच व्यापाऱ्याकडे धावले, पण उतरलेला चेहरा घेऊन परतले.

"तो म्हणतो, एकदा परत आलेला माल दुकानदार पुन्हा ठेवून घेत नाही."

"पण सर, आता तर तो चालतोय!" सरोज म्हणाली.

"माहितेय गं. मी काय करू, सांग." असं म्हणून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

काही महिन्यांत स्टुडिओ बंद झाला. सरोजला बंगळूरला नोकरी लागली आणि ती घाईने निघून गेली. दुरुस्त केलेला खेळ फ्लॉपीत मावण्याएवढा लहान नव्हता, आणि सीडी बनवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. सरोजला वाटलं, सर प्रत काढून घेतील. सरांना वाटलं, सरोजने नेलीच असेल. चांगली 'खाडी' फक्त माझ्या पोटात राहिली. खोलीतलं सामान विकलं गेलं तेव्हा ठाकुर्लीतल्या या दुकानाचे मालक विश्राम यांनी मला विकत घेतलं. ते भले गृहस्थ. दुकानात आल्यावर त्यांनी मला फडक्याने स्वच्छ पुसलं आणि मग आतलंही सगळं पुसून टाकायला घेतलं. पडद्यावर प्रश्न आला, खरंच पुसायचं का? तो प्रश्न मीच विचारला होता. मी तेवढंच करू शकत होतो. विश्राम यांनी हो म्हटलं.

त्यानंतर आठवडाभराने मंजुळा शोधत शोधत दुकानात आली.

"दादा, यात आमचा एक खेळ होता. माझे बाबा आजारी आहेत हो. त्यांना एकदाच दाखवायचाय."

विश्राम यांचे हात टाइप करता करता थांबले. "ताई, मी तर आणल्या आणल्या सगळं साफ केलं. मला काय ठाऊक!" ते उठून उभे राहिले. "बसा ना. चहा मागवतो."

ती बसली नाही. "असू दे दादा, तुमची काय चूक," एवढं म्हणून ती स्टेशनच्या दिशेने गेली. विश्राम यांनी त्या दिवशी दुसरं काही टाइप केलं नाही.

मित्रांनो, फाइली पुसल्या गेल्या, पण माणसांचे आवाज कुठल्याच फाइलीत नव्हते, म्हणून ते माझ्यापाशी राहिले. तुम्ही कधी चित्र काढाल, गाणं बांधाल, एखादा खेळ बनवाल. ते एकाच ठिकाणी ठेवू नका. दुसऱ्याने जपलं असेल असं धरून चालू नका, त्याला विचारा. आणि कुणाचं काम तुमच्यासमोर अडलं, तर हसण्याआधी थोडं थांबा. त्या गर्दीत कुणाचा तरी बाप नवा सदरा घालून बसलेला असतो.