सुरभीचा जंतू

“पयली धार सोडून द्यायची, मधातली बाटलीत धरायची. बाटलीले आतून बोट लावायचं नाही. समजलं?”

इंदुताईंनी बाटल्यांचा ट्रे पुढे केला, तशा चौथीतल्या मुली तोंडावर हात ठेवून खिदळू लागल्या.

“हसा बाप्पा,” इंदुताई म्हणाल्या. “राजा असो का भिकारी, हे काम सगळ्याइलेच करा लागते.”

मारेगावजवळच्या त्या जिल्हा परिषद शाळेत दर तीन महिन्यांनी लघवीचे नमुने घ्यायचा हा कार्यक्रम होई. तालुक्याच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत इंदुताईंची एकतीस वर्षं गेली होती. थुंकी, रक्त, लघवी यांत उभा जन्म गेला, पण नमुना देणाऱ्याला त्यांनी कधी ओशाळू दिलं नाही. आता यवतमाळच्या डॉक्टर प्रेरणा यांनी एक संशोधन हाती घेतलं होतं. काही मुलांच्या मूत्राशयात जंतू महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात, तरी ना ताप येतो, ना जळजळ होते. असं का, ते त्या जंतूंच्याच जनुकांत शोधायचं होतं. गावोगावचे नमुने गोळा करून त्यातले जंतू काचेच्या तबकड्यांत वाढवायचं काम त्यांनी इंदुताईंवर सोपवलं होतं.

डिसेंबरात चौथीतल्या सुरभीच्या नमुन्याची तबकडी जंतूंनी भरून गेली. पोरगी मात्र मैदानावर लंगडी खेळत होती.

निकाल पालकांना डॉक्टरांनीच समजावून सांगायचा, असा नियम होता. पण सुरभीची आई दीपा कापूस वेचायला जाताना शाळेच्या फाटकापाशी भेटली.

“जयभीम ताई. माह्या पोरीचं काय निंगालं?”

“जंतू हायेत थोडे. पण तू घाबरू नोको, मॅडम पुढच्या गुरुवारी येऊन...”

पुढचं दीपाच्या कानात शिरलंच नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ संघदीप किडन्या निकामी होऊन गेला होता. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी बसने यवतमाळला नेणारी तीच. त्या दिवशी तिने कामाला दांडी मारली आणि ओळखीच्या दुकानातून जंतूंवरच्या गोळ्या आणल्या. प्रेरणा गावात पोचल्या तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्या संपल्याही होत्या. पुढची तबकडी स्वच्छ निघाली. दीपाने आनंदाने इंदुताईंना ओंजळभर तुरीच्या शेंगा दिल्या.

तीन आठवड्यांनी सुरभी तापाने फणफणली. कंबर धरून रडायला लागली, पोटात पाणी ठरेना. यवतमाळला आठ दिवस भरती ठेवावं लागलं. यावेळचा जंतू दुसराच होता आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढला होता.

इंदुताई रजा टाकून वॉर्डात गेल्या. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. बसायचं धाडस होईना.

“दीपा, मॅडमच्या आधी मीनं सांगलं. अर्धंच सांगलं अन् तुले भेव घातलं. चूक माही हाये.”

दीपाने सलाइनची नळी सरळ केली. मग म्हणाली, “गोळ्या तं मीनंच देल्या न ताई.” आणि तिने स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं.

सुरभी बरी झाली. प्रेरणांनी इंदुताईंना बोल लावला नाही, तेच इंदुताईंना जास्त लागलं. “ताई, गोळ्यांनी मूत्राशयातले जंतू गेले, जागा रिकामी झाली आणि दुसरे शिरले, असं होऊ शकतं,” प्रेरणा म्हणाल्या. “पण नक्की सांगायचं तर दोन्ही जंतूंची जनुकं शेजारी ठेवून वाचायला हवीत. पहिला आहे ना जपलेला?”

होता. इंदुताईंनी दोघांना इवल्याशा कुप्यांत भरून बर्फपेटीत ठेवलं होतं.

मे महिन्यात वादळ झालं. तारा तुटल्या, खांब आडवे झाले. दवाखान्याचा जनरेटर सुरू झाला नाही आणि दुरुस्तीला दोन दिवस लागतील असा निरोप आला. बर्फपेटीतून पाणी गळू लागलं. इंदुताईंनी अडगळीतला लसीचा जुना डबा धुऊन काढला, बाजारातल्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणि मीठ घेतलं, साठ कुप्या त्यात रचल्या आणि भर दुपारी यवतमाळची बस पकडली. वाटेत पडलेल्या झाडांमुळे गाडी दोनदा थांबली. डबा मांडीवर होता, गार पाण्याने लुगडं भिजत होतं.

“काय हाये बाई डब्यात? मासोळ्या?” कंडक्टरने विचारलं.

“पोट्ट्याइचे जंतू हायेत, भाऊ.”

कंडक्टर दोन पावलं मागे सरला. पुढे यवतमाळ येईपर्यंत इंदुताईंच्या शेजारी कोणी बसलं नाही. प्रेरणांच्या प्रयोगशाळेत डबा उघडला, तेव्हा कुप्यांभोवती बर्फाचे खडे अजून शिल्लक होते. एकही जंतू दगावला नाही.

जुलैत शाळा भरली आणि सुरभीच्या तबकडीवर पुन्हा वाढ आली. तक्रार काहीच नव्हती. प्रेरणांनी दीपाची समजूत घातली, तिनेही मान डोलावली. पण गोळ्यांचं नवं पाकीट तिने आणून ठेवलं आहे, हे इंदुताईंना दुकानदाराकडून कळलं.

ऑक्टोबरात जनुकांचं वाचन हाती आलं. प्रेरणांनी ते इंदुताईंना दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा इंदुताईंनी त्यांना म्हणून दाखवलं. “चला मॅडम,” त्या म्हणाल्या, “यावेळी पुरं सांगू.”

दीपाच्या ओसरीवर सगळ्या बसल्या. इंदुताई बोलू लागल्या. “ज्या जंतूनं ताप आणला त्याले हुकासारखे आकडे होते. आकडे लावून तो आतल्या कातडीले धरते, मंग आंग त्याच्याशी भांडते, त्याचा ताप येते. पयल्याचे आकडे कवाचेच गेलेले. ते बनवाचं जे लिखाण त्याच्या पोटात राह्यते, तेच फाटलेलं हाये.”

दीपा विचारात पडली. “म्हणजे बिनकुसळाचं गवत. लुगड्याले चिकटत नाही.”

“अगदी तसंच,” प्रेरणा म्हणाल्या.

“अन् आता जो हाये तो?”

“तोच पयला,” इंदुताई म्हणाल्या. “आतड्यात लपून होता, वापस आला. जागा धरून बसला हाये. तो बसला तं दुसऱ्याले सहज घुसता येत नाही.”

“पण हे सगळ्याच मुलांचं असंच असतं, असं नाही,” प्रेरणांनी बजावलं. “ताप आला, जळजळ झाली, पाठ दुखली, तर एक दिवसही थांबायचं नाही. लगेच दाखवायचं.”

दीपाची नजर भिंतीवरच्या संघदीपच्या फोटोकडे गेली.

“ताई, जंतू हाये हे मालूम असून गप बसाचं म्हणजे लय कठीण हाये वं.”

“हाये,” इंदुताई म्हणाल्या. “माहा फोन चालू राह्यते. कवाही कर.”

दीपाने फळीवरचं पाकीट काढलं आणि प्रेरणांच्या हातात दिलं.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, कामावर जायच्या आधी, आपणहून इंदुताई त्या घरी जाऊन येत. कोणी सांगितलं नव्हतं. जानेवारी उजाडला, तरी सुरभीचं एकदाही अंग तापलं नाही.

त्या सकाळी त्या ओसरीवर चहा घेत होत्या. सुरभी दप्तर पाठीला लावून निघाली. उंबऱ्यात दीपाने तिला थांबवलं आणि तिच्या कपाळावर तळहात ठेवला. कपाळ गार होतं. हात तसाच राहिला.

“आई, घंटा झाली,” सुरभी म्हणाली.

“जाय,” दीपा म्हणाली आणि तिने हात काढून घेतला.