घाटातली वीस मिनिटं

घाटात चेटकीण निघाली, तर वेळकारकुनाची नोकरी शाबूत राहणार होती. नाही निघाली, तर त्याचं गणित उघडं पडणार होतं. त्यामुळे अख्ख्या कारखान्यात चेटकिणीची सर्वांत जास्त गरज त्यालाच होती.

ट्रकच्या खेपांचं वेळापत्रक त्याचं. भरल्या गाडीने साठ किलोमीटर घाट चढायचा, रिकामीने तेवढाच उतरायचा. चढताना ताशी तीस, उतरताना साठ. गड्याने मध्य काढला, पंचेचाळीस. म्हणजे माल उतरवायचा वेळ सोडून दोन तास चाळीस मिनिटं. आणि प्रत्येक ड्रायव्हर नेमका वीस मिनिटं उशिरा येई. तीन उशिरांना घरी, हा मालकाचा नियम. चौघे गेलेही होते.

म्हणून आज फाटकाशी ही गर्दी. मधोमध, गळ्यात भिंतीवरचं घड्याळ अडकवून, काटेबाबा.

“रस्ता तोच, गाडी तीच, मग वीस मिनिटं गेली कुठं? चेटकीण खाते, लेकरांनो! तिची नजर काट्यावर!”

दोन उशीर नावावर असलेल्या एका ड्रायव्हरच्या वेगाच्या काट्यावर बाबाने सकाळीच काळी पट्टी चिकटवली होती. वर बजावलं होतं, “उतरताना पाय उचलू नकोस. ती मागे धावते.”

तो ट्रक फाटकातून आत शिरला. दोन तास चाळीस! माणसं बाबाच्या पायांवर कोसळली. वेळकारकून सगळ्यांत आधी.

“दादा, चढायला किती लागले?” ड्रायव्हरच्या बहिणीने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची.

“दोन तास. नेहमीसारखे.”

“मग साठ किलोमीटर चाळीस मिनिटांत उतरलास? ताशी नव्वद! घाटात!” तिने पट्टी टरकन ओढून काढली.

“बाई, दैवी कामात भागाकार नको,” बाबा गुरगुरला.

“एवढं घड्याळ गळ्यात घातलंत, वाचता येतं का?” लोक हसले. ती त्यांच्याकडे वळली. “अहो, तीसच्या वेगात गाडी दोन तास असते, साठच्या वेगात एकच तास. मग दोन्ही वेग सारखे कसे धरायचे? एकशेवीस किलोमीटर, तीन तास; सरासरी चाळीस. कुणी काही खाल्लेलं नाही. पाया पडण्याआधी भागाकार करत जा!”

बाबा घड्याळ सावरत सटकला.

“साहेब, वेळापत्रक बदला,” ती वेळकारकुनाला म्हणाली.

हाच भागाकार महिनाभर त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर होता. पण कबूल केलं, तर मालक त्या चौघांबद्दल विचारणार.

“बघू. सोमवारी.”

शनिवारी दादा जुन्याच वेळापत्रकावर पुन्हा निघाला. चढायला दोन तासच लागले. उतरताना या खेपेला काट्यावर पट्टी नव्हती. नव्वदचा आकडा त्याला स्वच्छ दिसत होता. अकराव्या वळणावर ट्रक कठडा तोडून गेला.

सोमवारी वेळापत्रकात तीन तास आले. मालकाने वेळकारकुनाची पाठ थोपटली, “बरं लक्षात आलं हो तुमच्या!”

बाबा आता पुढच्या गावात सांगतो, चेटकिणीने थकबाकी एकदम वसूल केली. गर्दी दुप्पट जमते. ते चौघे अजून घरीच आहेत. दादाचे दोन्ही पाय गेले. आणि वेळकारकुनाचा, अपघाताची बातमी ऐकता ऐकता, चहा तेवढा गार झाला.